मी सांगेन तेव्हाच चावी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते. हे भर दिवसा घडलं. मार्चचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. जागा, माझ्या मावशीच्या घराखालचं गॅरेज. शटर अर्धं वर. बाहेर लख्ख ऊन.

मी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याच्या तपासण्या करते. एकोणीस वर्षं झाली. कुणाला खरंच ऐकू आलं आणि कुणाला नुसता भास झाला, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

म्हणून तर माझी झोप उडालीय.

मावशीच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, एक जुनी इटालियन गाडी होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी. काकांचा सगळा जीव त्या गाडीत. मावशीत नाही. मी हे कडवटपणे बोलतेय असं वाटेल. वाटू दे.

अशा जुन्या गाड्यांच्या इंजिनावर एक डबी असते, डिस्ट्रिब्युटर म्हणतात तिला. आत दोन इवलेसे पॉइंट. ते उघडतात, मिटतात, आणि दर वेळी प्लगला ठिणगी जाते. पॉइंट काळे पडले किंवा त्यांच्यातली फट बिघडली की गाडी खोकायला लागते. ती फट केवढी, तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. काही महिन्यांनी पॉइंट घासायचे, फट मोजायची, पुन्हा बसवायची.

काका दर रविवारी बसवायचे.

हे काम एकट्यालाही जमतं म्हणे. पण काकांना दुसरं माणूस लागायचं. ते बॉनेटखाली वाकणार, आणि दुसऱ्याने आत बसून चावीने इंजिन जरा जरा फिरवायचं.

दुसरं माणूस म्हणजे मावशी. एकतीस वर्षं.

"मार!"

चावी फिरवायची.

"बस!"

सोडायची.

रविवारी त्या दोघांत एवढं बोलणं व्हायचं. इतर दिवशी तेवढंही नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मावशीने एकदा हाक यायच्या आत चावी मारली. काकांच्या हातात प्लगची वायर होती. असा झटका बसला, की पाना उडून भिंतीवर आपटला. काका आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, "मी सांगेन तेव्हाच चावी. आणि मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही."

ती उतरली नाही. भूक लागली तरी नाही, पाठ भरून आली तरी नाही.

मेकॅनिक त्यांना किती वेळा म्हणाला होता, "साहेब, इलेक्ट्रॉनिक बसवून टाका. पॉइंटची कटकटच संपेल." काका म्हणायचे, "मग रविवारी काय करू?"

मावशीला कुणी विचारलं नाही, ती रविवारी काय करेल.

असो. त्या दिवशी मी तिचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला गेले होते. साडेबारा वाजले होते. वर घराला कुलूप. म्हणून खाली गॅरेजपाशी आले आणि शटरखालून वाकून आत शिरले.

बॉनेट उघडं. मावशी ड्रायव्हरच्या सीटवर. हात चावीवर.

आणि...

काहीच आवाज नव्हता. पान्याचा नाही, घासण्याचा नाही. काका काम करताना दातांतून शीळ घालायचे, तीही नाही.

"मावशी?"

"हळू बोल," ती कुजबुजली. "काम चाललंय."

"कधीपासून?"

"दहापासून. आज काही मनासारखं बसत नाहीये यांच्या. मार म्हणतात, मी मारते. पण बस म्हणतच नाहीत... मग मीच सोडते आपली."

"किती वेळा म्हणाले?"

"चारदा. आत्ता तू आलीस ना, त्याच्या जरासंच आधी."

उघड्या बॉनेटच्या खाली, काचेसमोर, चार बोटं रुंदीची फट राहते. तिच्यातून काकांची राखाडी बाही दिसत होती.

हलत नव्हती.

मी पुढे गेले. काका मडगार्डवर छातीच्या भारावर कलंडले होते. गाल पत्र्याला टेकलेला. हात डिस्ट्रिब्युटरवर. मी मानेला बोटं लावली.

गार...

इतकी गार, की मी हात झटकला.

"काय म्हणतायत?" मावशीने आतून विचारलं.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, काही करता आलं नसतं. मग घड्याळ बघून म्हणाले, "दोन तास तरी होऊन गेलेत. दहा-सव्वादहालाच गेले असणार."

मी मावशीकडे पाहिलं. ती पुटपुटत होती, "चारदा म्हणाले. चारदा."

पुढे जे व्हायचं तेच झालं. काकांची बहीण भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवरा दोन तास मरून पडलाय, आणि ही आत चावी धरून बसलीय! बहिरी आहे की काळीज नाहीये हिला?"

कुणी उलट बोललं नाही. मीही नाही. ती लाज अजून आहे.

पुढच्या आठवड्यात मी मावशीला दवाखान्यात नेऊन तिचे कान तपासले. विशीतल्या मुलीसारखे कान निघाले. बहिरी निघाली असती तर बरं झालं असतं. निदान लोकांच्या तोंडाला कुलूप लागलं असतं.

मी तिला माझ्या घरी आणलं. गाडीची बॅटरी काढून मेकॅनिककडे ठेवायला दिली. शटरला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. हे मुद्दाम सांगतेय. चार महिने ती किल्ली माझ्याशिवाय कुणाच्या हाती गेली नाही.

जुलैत गाडीला गिऱ्हाईक मिळालं. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ, सभ्य माणूस. गाडी चालू करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्या मेकॅनिकला बोलावलं. सगळे त्याला ठिणगी म्हणतात. गाड्यांच्या विजेच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही. बोलायला तिखट, पण माणूस सरळ.

बुधवार. सकाळी अकरा.

ठिणगीने बॅटरी जोडली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं.

आणि पुन्हा वाकून नीट पाहिलं.

"ताई, गाडीला कुणी हात लावलाय?"

"नाही. का?"

"चार महिने बंद गाडीचे पॉइंट असे नसतात. हिरवट पडतात. हे बघा..."

मी पाहिलं. पॉइंट चकचकीत होते. जवळच ग्रीसचा एक थेंब होता. त्याने बोट लावलं. ओला. ताजा.

"तुमच्यापैकी कुणाकडे दुसरी किल्ली असेल," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी पर्समधली किल्ली चाचपली.

"बसा आत," तो म्हणाला. "फट तेवढी मोजून घेतो. मी सांगेन तशी चावी मारा."

त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. सीटला खड्डा पडलेला. मावशीच्या आकाराचा.

"मार!"

मी चावी फिरवली. इंजिन कण्हलं.

"बस!"

सोडली.

"मार!"... "बस!"

बॉनेटखालच्या फटीतून ठिणगीचा निळा शर्ट दिसत होता. मग तो अगदी खाली वाकला आणि शर्टही दिसेनासा झाला. मी थांबले.

थांबले...

"मार!"

मी चावी फिरवली.

पुढून अशी किंकाळी आली, की माझ्या हातातून चावी निसटली. ठिणगी मागे धडपडला. त्याच्या बोटाचं नख उखडलं होतं. रक्त टपटप गळत होतं.

"डोकं फिरलंय का तुमचं? बोटं आत होती माझी! कुणी सांगितलं मारायला?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"मी?"

मग जमिनीवर पडलेलं काहीतरी त्याने उचललं. फट मोजायची ती पातळ पोलादी पाती. तिच्यावर त्याची लाळ होती.

"हे तोंडात धरलं होतं, ताई. मी बोलणार कसा?"

मला तेव्हा काय जाणवलं ते सांगू?

तो आवाज पुढून आलाच नव्हता.

शेजारच्या रिकाम्या सीटवरून आला होता.

ठिणगीने बोटाला फडकं बांधून तसंच काम उरकलं. जाताना म्हणाला, "पैसे नकोत. पुन्हा बोलावू नका."

गाडी गेली. मला वाटलं, सुटलो एकदाच्या. मावशी रविवारी नऊपर्यंत झोपायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ऑक्टोबरात त्या गृहस्थांच्या बायकोचा फोन आला. त्या शिक्षिका आहेत. मी पोळ्या लाटत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मावशी समोरच भाजी निवडत होती.

"एक विचारू का?" त्या जरा अडखळल्या. "तुमचे काका... स्वभावाने कसे होते हो?"

"का?"

"हसू नका. आमचे हे रविवारी गाडीचं काम काढतात, मी चावी मारायला बसते. तर मधेच... शेजारून कुणीतरी बोलतं. म्हातारा आवाज. आधी घाबरले मी. पण इतक्या मायेने विचारतात, की भीतीच वाटेनाशी झाली."

"काय विचारतात?"

"दमलीस का गं... असं."

माझा हात थांबला.

"फार प्रेमळ असतील ना?" त्या म्हणाल्या.

मावशीने सुरी खाली ठेवली. फोनजवळ आली. "पुन्हा सांगा," म्हणाली. "काय म्हणाले?"

"दमलीस का गं."

मावशी न्हाणीघरात गेली. कडी लावली. नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली ती एकच वाक्य बोलली.

"मला तिथे घेऊन चल."

मी खूप समजावलं. ऐकेना. पुढच्याच रविवारी गेलो. त्यांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती. गृहस्थांनी आपणहून बॉनेट उघडून दिलं आणि बिचारे बाजूला झाले. मावशी आत बसली. आपल्याच जागी. हात चावीवर.

मी आणि शिक्षिकाबाई पुढे, उघड्या इंजिनापाशी उभ्या राहिलो.

दहा मिनिटं. वीस. अर्धा तास.

फटीतून मावशीचा चेहरा दिसत होता. लग्नाच्या बोलण्यांना बसलेल्या मुलीसारखा. वाट बघणारा. मला तो बघवेना.

पाऊण तास झाला असेल.

आणि...

"दमलीस का गं?"

माझ्या कोपराजवळून. इंजिनातून. हळू, पण स्वच्छ. काकांचाच आवाज. असा मऊ मी तो कधी ऐकला नव्हता.

शिक्षिकाबाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांनाही ऐकू आलं होतं. गृहस्थ लांब कुंपणाशी पाठ करून उभे होते.

आम्ही दोघींनी फटीतून आत पाहिलं.

मावशी सरळ समोर बघत होती. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

थोड्या वेळाने तिने चावीवरचा हात काढला. दार उघडलं. खाली उतरली. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"काही नाही," ती म्हणाली. "उगाच आले. चल."

येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सांगितलं, तर ती विचारणार, तुला ऐकू आलं मग मला का नाही? त्याला मी काय उत्तर देऊ? एकतीस वर्षं जिने वाट पाहिली तिला सोडून परक्या बाईला विचारलं, भाचीला ऐकवलं?

की तिला ऐकू आलं होतं... आणि तिनेच उत्तर दिलं नाही?

तिचे कान मी स्वतः तपासलेत.

या गोष्टीला आता वर्ष होईल. शिक्षिकाबाईंचा पुन्हा फोन नाही. त्यांनी गाडीला इलेक्ट्रॉनिक बसवून घेतलं, असं कुणीतरी म्हणालं. मी खात्री केली नाही.

अजूनही कधी कधी जेवताना मी मावशीकडे बघत बसते. तिच्या लक्षात येतं.

"काय गं?" ती विचारते.

"काही नाही," मी म्हणते.

ती हसते, आणि ताटात बघून जेवायला लागते.