आहात तिथेच थांबा

उन्हाळ्यात एसी आणि थंडीत हीटर दुरुस्त करणं हा माझ्या दादाचा धंदा. म्हणजे बारा महिने लोकांनी त्याच्याकडे यायला हवं. पण दुकानात माश्या मारायची वेळ आली होती. वेबसाइट होती, तिच्यावर चौकशीचा फॉर्म होता, तरी फोन काही वाजत नव्हता. वेबसाइट बनवणं हे माझं रोजचं काम, म्हणून वहिनीने मला बोलावून घेतलं.

खोट फॉर्ममध्येच होती. मशीनचं मॉडेल, बसवल्याचं वर्ष, खोलीची लांबी-रुंदी, सगळं भरल्याशिवाय तो पुढे सरकतच नव्हता.

"अरे, घामाने निथळणारा माणूस टेप घेऊन खोली मोजत बसेल का?" मी म्हटलं.

"मग काय, नुसतं 'वाचवा' एवढंच लिहायला सांगू?" दादा हसला.

मी तीन रकाने ठेवले: अडचण, पत्ता, फोन. लगेच उत्तर मिळालं नाही की माणूस दुसऱ्या दुकानाकडे वळतो, म्हणून आपोआप जाणारा एक निरोपही जोडला. 'चौकशी मिळाली. आहात तिथेच थांबा, आमचा माणूस येतोय.' किती धीर देणारं वाक्य आहे, असं वहिनी म्हणाली.

चौकश्या येऊ लागल्या. दादाला जेवायला फुरसत मिळेना, आणि त्याबद्दल तक्रार करताना त्याचा चेहरा खुललेला असायचा.

एका दुपारी स्क्रीनवर आलं: 'हवा येणं बंद झालंय.' पत्ता होता बाजारामागच्या जुन्या इमारतीचा, तिसरा मजला, उजवीकडचं दार. फोनचा रकाना रिकामा होता. फोन नंबर टाकल्याशिवाय फॉर्म जाणारच नाही अशी सोय मी स्वतः केली होती. काहीतरी चुकलं असेल म्हणून मी पुन्हा तपासलं. काही चुकलं नव्हतं.

दादा जाऊन आला. "उजवीकडे दारच नाही गं. नुसती भिंत. डावीकडे एक मास्तरीण राहतात, त्या म्हणाल्या, दार कधी नव्हतंच." त्याने तळहात चोळला. "पण भिंत तापलीय. हात टेकवला तर चटका बसला."

संध्याकाळच्या आत दुसरा निरोप आला. 'तुमचा माणूस भिंतीवर हात ठेवून गेला. आतून मीही तिथेच हात ठेवला होता.'

वहिनीने खुर्ची मागे सरकवली. मी म्हटलं, कोणीतरी खोडसाळ आहे, दादाला जाताना पाहिलं असेल. मी तो आपोआप जाणारा निरोप काढून टाकला. तरी उत्तर आलं, 'थांबा म्हणालात म्हणून थांबलेय. खोली लहान होत चाललीय.' शेवटी मी फॉर्मच बंद केला. पानावर नुसता दुकानाचा पत्ता उरला. दुसऱ्या दिवशी वहिनी चहा ओतत असताना स्क्रीन उजळली. 'आता पाय पसरता येत नाहीत.'

"मी जातो," दादा म्हणाला.

"वेडा आहेस का? भिंत दुरुस्त करणार?" मी म्हटलं.

"आणि खरंच एखादी बाई अडकली असेल तर? आपण खोड्या म्हणत बसायचं?"

मी त्याच्यासोबत गेले. भर दुपार होती. जिन्यात फोडणीचा वास होता, कुठेतरी कपडे आपटल्याचा आवाज येत होता. सगळं इतकं नेहमीचं होतं की मला माझ्याच भीतीचं हसू आलं.

तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे दार होतं.

साधं, तपकिरी, कडी नसलेलं. ते किंचित उघडं होतं आणि फटीतून भट्टीसारखी धग येत होती.

"अगं, मागच्या वेळी..." दादा पुटपुटला. मग आतून कोणीतरी खोकलं. दमलेलं, बाईमाणसाचं खोकणं.

"दार धरून ठेव," असं म्हणून तो हत्यारांची पिशवी घेऊन आत गेला.

मी धरलं होतं. दोन्ही हातांनी धरलं होतं.

मग माझ्या हातात काही नव्हतं.

समोर भिंत होती. रंगाचे पोपडे आलेली, जुनी. मी तिच्यावर मुठी आपटल्या. ती गार होती.

"दादा! दादा!"

डावीकडचं दार उघडून मास्तरीणबाई बाहेर आल्या. "कोणाला हाक मारताय?"

"माझा भाऊ आत गेलाय."

"आत कुठे, बाळ?"

तेवढ्यात खालून पावलं वाजली. दादा जिना चढून वर येत होता. हातात पिशवी नव्हती. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"चल," तो म्हणाला. "झालं काम."

काय काम, कोण होतं, तू खालून कसा आलास, मी विचारतच राहिले. तो नुसता हसला. गाडी त्यानेच चालवली. बाजारातून बाहेर पडत होतो तेव्हा माझा फोन थरथरला. बंद केलेल्या फॉर्ममधून चौकशी आली होती.

'चिमे, तू दार का सोडलंस?'

चिमी मला फक्त दादा म्हणतो. तो शेजारी बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"कोणाचं आहे?" त्याने समोर बघतच विचारलं.

"कोणाचं नाही," मी म्हटलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याने एकेक करून गाडीच्या सगळ्या काचा वर घेतल्या.

त्यानंतर मी त्या इमारतीत अनेकदा गेले. पोलिसांना काय सांगणार? भाऊ हरवला म्हणावं तर भाऊ दुकानात बसलेला. एका गवंड्याला पैसे देऊन मी ती भिंत फोडायला लावली. पलीकडे मोकळं आकाश आणि खाली गल्ली. निरोप अजून येतात, पण दिवसेंदिवस आखूड होत चाललेत. कालच्या निरोपात एकच अक्षर होतं.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. परवा तीच कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "हल्ली तुझा दादा रागावत नाही, घोरतही नाही. दुपारी झोपला होता तेव्हा मलाच शंका आली. नाकापाशी बोट धरून पाहिलं."

"मग?"

"श्वास चालू होता गं." तिने घडीवर हात फिरवला. "पण इतका गार! एसीसमोर बसल्यासारखा. आता या उकाड्यात मी त्याच्या तोंडाजवळच डोकं ठेवून झोपते."