चुन्याच्या पाण्याची परात

बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सून घरात असल्यावर निर्णय दुसरं कोण घेणार? निरवांगीचे आप्पासाहेब पिवळेधमक झाले होते. स्वादुपिंडाच्या गाठीनं पित्ताची वाट दाबली होती.

"आधी नळी घालून पित्त वाहतं करू, मग गाठ काढू," पुण्याचे डॉक्टर त्या सुनेला, रोहिणीला म्हणाले. "धातूच्या जाळीची नळी टिकते, पण ऑपरेशनला अडचण होईल असं मला वाटतं. प्लॅस्टिकची दोनेक महिन्यांत तुंबते. पण आपण तीन आठवड्यांतच गाठ काढणार."

रोहिणीनं प्लॅस्टिकची सांगितली.

गावी आप्पांची थोरली बहीण तानूबाई परात घेऊन तयारच होती. अख्ख्या गावाची कावीळ तीच उतरवायची. "तुझी नळी असू दे आत, पोरी. मी वरून धुती."

रोज सकाळी ती चुन्याच्या पाण्यात आप्पांचे हात कोपरापर्यंत चोळायची, आणि पाणी पिवळं व्हायचं. झाडपाल्याचा रस लावत असेल म्हातारी, रोहिणी मनात हसली.

पण आप्पांना न्यूमोनिया झाला आणि ऑपरेशन लांबत तीन आठवड्यांचे अकरा झाले. आपणच चुकीची नळी निवडली, हा विचार रोहिणीला सोडेना. ती उठल्याबरोबर आप्पांची पापणी खाली ओढून बघे. डोळे पांढरेशुभ्र. रक्ताचा रिपोर्टही चांगला. डॉक्टर म्हणाले, "त्रास नाही ना? मग नळी राहू दे तशीच."

तानूबाईचा हात मोडला, तेव्हा परात रोहिणीकडे आली. तिनं इंदापूरहून चुना आणला, परात राखेनं घासली, झाडपाला जवळ येऊ दिला नाही.

पाणी पिवळंच झालं. पुढं पुढं तर करडईच्या तेलासारखं दाट.

एका गुरुवारी तिनं मुद्दाम खाडा केला.

दिवस कलताना आप्पांना हुडहुडी भरली. डोळे पिवळे दिसू लागले.

"आज धुतलं न्हाईस व्हय गं?" आप्पांनी विचारलं.

तिनं धावत परात मांडली. तासाभरात अंग निवलं. पुन्हा तिनं एकही दिवस चुकवला नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली. रोहिणी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडली, आनंदानं.

डॉक्टर मात्र काढलेली नळी उजेडात धरून उभे होते. "ही महिनाभर तरी ठार बंद असणार. मग पित्त गेलं कुठं?"



उन्हाळ्यात आप्पा काठीशिवाय शेतावर जाऊ लागले. घर पुन्हा हसतंखेळतं झालं. परातीतलं पाणी रोहिणी परसातल्या ज्या वेलाखाली ओतायची, त्याला पहिला दुधी लागला. तिनं हौसेनं भाजी केली. पहिल्याच घासाला तानूबाई थुंकली. रोहिणीची जीभ कडूजहर झाली.

आप्पांनी ताट पुसून पुढं केलं. "इतका ग्वाड दुधी जल्मात खाल्ला न्हाय. वाढ अजून."