रिकाम्या खोलीचा आवाज

दिवा राहू द्या तसाच, मालवू नका. सांगतो.

आमच्या शाळेला आवाजाचं यंत्र घ्यायचं होतं, तिथून हे सुरू झालं. शाळा म्हणजे लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या ऑफिसांमागे दडलेले दोन मजले. तिथे पोरं सिनेमा करायला शिकतात. मी आवाज शिकवतो, मनाली कॅमेरा शिकवते. सगळं जग मोबाइलवर शूटिंग करत असताना मनालीच्या डोक्यात आलं, की पोरांना एकदा खऱ्या फिल्मवर, सोळा मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यावर काम करू द्यावं. कॅमेरा मिळाला. पण हा कॅमेरा मुका. त्याला नुसतं दिसतं. ऐकणारं यंत्र वेगळं घ्यावं लागतं आणि दोघांची चाल तंतोतंत एक असावी लागते, नाहीतर ओठ मिटून गेल्यावर शब्द येतो. शॉटच्या आधी पाटी आपटतात ती याचसाठी. पाटी मिटताना दिसते, टाळी ऐकू येते, तिथे चित्र आणि आवाज जोडायचे.

यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथेच अडलं. एक नवं डिजिटल आणून पाहिलं, एक जुनं टेपचं पाहिलं. दोन्ही मी परत पाठवली.

कारण काय, तर शांतता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. शूटिंग संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचं, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि खोलीची नुसती शांतता टेप करून घ्यायची. पुढे दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे सांगूनही पोरांना पटत नाही, ऐकवल्यावर पटतं. यंत्राची पारखही मी अशीच करतो. यंत्राशेजारी उभं राहायचं, तोंड किंचित उघडं ठेवून बिनआवाजी श्वास घ्यायचा आणि आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. उभ्या आयुष्यात माझा श्वास कधी टेपवर उतरलेला नाही, याचा मला थोडा गर्वच आहे.

तर त्या दोन्ही यंत्रांत शांततेच्या खाली काहीतरी होतं. लांबट, हलकं. येई आणि जाई.

“सर, नाचता येईना अंगण वाकडं,” मनाली म्हणाली. “पोरांनी त्याच मशीनवर टेस्ट घेतल्यात. एकदम क्लीन आहेत.”

“पोरांना कान कुठे आहेत?”

“आणि मला?”

“तू कॅमेरावाली. तुला तर नाहीतच.”

ती हसली, पण वैतागलीही होती. “सोमवारी फायनल सांगा हं. सेमिस्टर सुरू होतंय, पोरं माझा जीव खातायत. आणि सर, रविवारी तरी घरात बसू नका. कुठेतरी बाहेर पडा.”

शनिवारी मी लालबागला गेलो. मसाला कुटून देणाऱ्या दुकानाच्या वर आनंदा राहतो, जुनी यंत्रं दुरुस्त करून विकतो. त्याच्याकडे तिसरं यंत्र होतं, टेपचंच, पण चाल इतकी पक्की की घड्याळ लाजावं. “घेवन जावा, मास्तर. वाजवन बघा, मगे सांगा,” तो म्हणाला. यंत्राच्या चामडी पिशवीला मिरची-धण्याचा वास लागला होता. टॅक्सीत मला शिंका आवरेनात.

माझं घर प्रभादेवीला, जुन्या बिल्डिंगमध्ये. दोन खोल्या. माझी बायको वैदेही गेल्यापासून दोन्ही मला जास्तच आहेत. एकट्या माणसाच्या घरात रविवारची दुपार फार लांब असते. सकाळ आंघोळ, चहा, पेपर यांत निघून जाते. मग जेवून भांडी घासली की पुढे काय करायचं ते समजत नाही. शेजारचे झोपलेले असतात. आपण खुर्ची सरकवली तर त्या आवाजानं आपणच दचकतो. वैदेहीशिवाय मला राहता येत नाही, हे मी कुणाला बोललो नव्हतो. आज बोलतो.

त्या रविवारी जेवून यंत्र टेबलावर मांडलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रिजची वायर काढली. हेडफोन लावले आणि उभा राहिलो. टेप फिरू लागली. खोलीची शांतता कानात आली, गच्च आणि ओळखीची. आणि तिच्याखाली पुन्हा तेच. येणारं, जाणारं. काटा तळाशी होता, पण निजलेल्या माणसाच्या छातीगत अगदी थोडा वरखाली होत होता.

तिसरंही यंत्र गेलं, असं म्हणून मी हेडफोन काढणार होतो. पण काढले नाहीत. वेगळंच मनात आलं.

माझ्याकडे वैदेहीचं एक रीळ आहे. हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं तेव्हाचं, याच खोलीतलं. आठ मिलिमीटरची फिल्म, चावीवर चालणारा जुना कॅमेरा, जेमतेम तीन मिनिटं. आवाज नाही. मी आयुष्यभर लोकांचे आवाज टिपले आणि बायकोचा टिपला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तीच म्हणाली होती, “नुसतं चित्र घे रे. माझा आवाज बसलाय.” त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली. रिळात ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलीय, अंगावर निळी शाल. आधी माझ्याकडे बघून हसते. मग नजर जरा वर उचलते आणि बोलते. बराच वेळ बोलते. काय ते मला आठवत नाही, कारण कॅमेऱ्याच्या घरघरीत मला ते ऐकूच आलं नव्हतं. विचारीन नंतर, म्हटलं. राहिलं ते. तिनं मला शेवटी काय सांगितलं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही नको होतं.

ते रीळ मी केव्हाच लॅपटॉपवर उतरवून घेतलंय. बघतो कधीकधी. पण आवाजाच्या माणसाला ठार मुकं चित्र सोसत नाही, कान बंद झाल्यासारखं वाटतं. म्हटलं, खोली तीच आहे. निदान खोलीची शांतता तरी तिच्याखाली घालू. टेपवरचं सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि चित्राखाली ठेवलं. जुळवायला टाळी नव्हती, पाटी नव्हती. नुसतंच ठेवलं.

बाहेर दिवेलागणीची वेळ झाली होती. दिवा लावायचा राहिला होता. पडद्याचा तेवढा उजेड होता.

वैदेही हसली. मग नजर वर केली. तिचे ओठ हलले आणि माझ्या कानात कुणीतरी घसा साफ केला.

मी हललो नाही. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. तिचाच आवाज होता. बसलेला, खरखरीत, जसा त्या दिवसांत होता तसाच.

“थांबा ना थोडं…” ती म्हणाली. “एवढं होऊ दे त्याचं…”

ओठ आणि शब्द एक होते. हे शक्य नाही, मी तुम्हाला शपथेवर सांगतो. चावीचा कॅमेरा एका चालीनं चालतच नाही. चावी उतरत जाते तसा तो मंदावतो, त्याच्याशी कुठलाही आवाज तीन मिनिटं जुळून राहत नाही. मी हेच शिकवतो पोरांना. आणि इथे ब च्या वेळी ओठ मिटत होते, म च्या वेळी मिटत होते, शेवटपर्यंत. शिवाय ती टेप त्याच दुपारी भरली होती.

“बसा ना… केव्हाचे उभे आहात…”

तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली. वैदेहीनं मला लग्नाआधीही आणि नंतरही ‘अरे उन्मेष’ म्हटलं. अहो-जाहो तिनं कधी केलं नाही. मी चित्र थांबवून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती कॅमेऱ्याच्या वरून माझ्या तोंडाकडे बघतेय. पण कॅमेरा मी बुटक्या स्टुलावर टेकवला होता आणि मी खाली जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. माझं तोंड कॅमेऱ्याच्या पातळीला होतं. ती बघत होती ते कितीतरी वर. माझ्या मागे कुणी उभं असेल तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे.

घरात त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. दाराला आतून कडी होती.

मी पुढे ऐकायला नको होतं. पण तिचा आवाज होता हो. कसा थांबवणार?

“येते ना… नाही कुठं म्हणतेय…” ती अगदी घरच्यासारखी हसली. “फक्त एक करा… मी गेल्यावर ह्याला एकटं ठेवू नका. ह्याला एकटं राहता येत नाही…”

मग ती जरा थांबली, काहीतरी ऐकत असल्यासारखी मान तिरकी करून. आणि समाधानानं मान हलवली. रीळ संपलं. पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यावरही टेपचा आवाज चालूच होता. येई आणि जाई.

मी रात्रभर दिवे लावून बसलो. भिंतीला पाठ लावून. पुन्हापुन्हा ती टेप ऐकली, वैदेही परत बोलली नाही. खोलीची शांतता होती आणि खाली ते दुसरं होतं. तिचे शब्द एकदाच मिळायचे होते, ते मिळाले. ते माझ्यासाठी होते, पण मला उद्देशून नव्हते. मी रडलोही.

सोमवारी यंत्र घेऊन शाळेत गेलो. मनालीला घरातलं काही सांगितलं नाही. “यात दोष आहे,” एवढंच म्हणालो आणि टेप लावली. तिनं डोळे मिटून ऐकली. माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच चांगले कान निघाले तिचे.

“सर, हा मोटरचा आवाज नाही. श्वास आहे. तुम्हीच आहात.”

“माझा श्वास येत नाही कधी.”

“मग बघू या ना. तुम्ही बाहेर जा.”

भर सकाळ होती. बाहेर कुणीतरी पोरांवर ओरडत होतं, चहाचे पेले वाजत होते. मी जिन्याच्या टोकापर्यंत गेलो, तिनं दार लावून रिकाम्या स्टुडिओची शांतता घेतली. मग मला आत बोलावून ऐकवली. स्वच्छ. काटा तळाशी निपचित. यंत्र उत्तम होतं. आधीची दोन्हीही उत्तमच असणार. पोरांच्या टेस्ट स्वच्छ का होत्या, ते मला तेव्हा कळलं. त्या वेळी मी तिथे नव्हतो.

“आता इथेच उभे राहा,” ती म्हणाली. हेडफोन तिच्या कानाला होते. “आणि श्वास धरा.”

मी धरला. टेप फिरत होती. मी काट्याकडे बघत होतो. काटा हळूच वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला.

“सर, धरा ना.”

मी नाक चिमटीत धरून दाखवलं. तिचा चेहरा बदलला. काटा वरखाली होतच राहिला, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा. माझी छाती फुटायला आली तेव्हा मी श्वास सोडला.

“सर…” तिचा आवाज एकदम खाली आला. “तुमच्याकडे… घरी कोण असतं?”

“कोण असणार? कुणी नाही,” मी म्हणालो. “एकटाच असतो मी.”

काटा एकदम उसळला आणि पुन्हा तळाशी गेला. मनालीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या डोक्याच्या जरा वर होती.

“सर,” ती म्हणाली, “आत्ता कुणीतरी हसलं.”