येतो म्हणालो होतो

रचून सांगायला वेळ लागतो. माझ्याकडे वेळच नव्हता, म्हणून तर हे सगळं झालं. खरं माना, नका मानू.

गेल्या पौषातली अमावस्या. जामखेडच्या अलीकडे एक दुधाचं चिलिंग सेंटर होतं. तिथे मी, कल्याण, दूध गार ठेवणारा कॉम्प्रेसर चालवायचो.

आमच्यात एकच नियम. पुढचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मशीन बंद पडलं की टाकीतलं दूध नासतं.

माझ्या आधीचे गहिनीनाथमामा त्याच खुर्चीत गेले. त्यांचा जोडीदार नोकरी सोडून गेला होता. मामा एकटेच दिवसरात्र बसायचे. एका सकाळी हलवलं तर अंग गार.

मी तेव्हा दूध तपासायला होतो. साहेबांनी मला त्यांच्या जागी बसवलं. जोडीदार दिला नाही. विचारलं की म्हणायचे, "माणूस बघतोय."

कधीमधी घरी गेलो की माझी छोटी आरती आईला हाक मारायची, "आई, पाव्हणं आलं!"

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि मोरीत जाऊन रडायचो.

शेवटी बायको, निकिता, म्हणाली, "एक तर नोकरी सोडा, न्हाईतर आमाला सोडा."

पण सोडणार कशी? खुर्चीवरून उठायची सोय नव्हती!

त्या अमावस्येच्या दिवशी साहेबांना फोन केला. आज शेवटचा दिवस, म्हणालो.

"संध्याकाळी नवीन माणूस पाठवतो. तो आला की जा."

दिवेलागण झाली. कुणी आलं नाही. डोळे उघडे राहीनात. मला खरंच वाटलं, आपणही याच खुर्चीत जाणार.

आणि... कॉम्प्रेसरचा आवाज थांबला.

मशीन चालू होतं. दाबाचा काटा जागेवर होता. आवाज मात्र नव्हता.

मग मागून... चपला घासत कुणीतरी आलं. खोकलं.

"ऊठ रं कल्याण. आलो मी. जा घरी."

माणूस आला! मी वळूनही पाहिलं नाही. डबा उचलला आणि दारातून सवयीने म्हणालो, "येतो मामा."

आतून आवाज आला... "ये. वाट बघतो."

गेटपाशी पोचलो आणि थबकलो.

मामा? मी मामा का म्हणालो?

तो खोकला त्यांचा होता.

गेटवरच्या सहादूला विचारलं, "नवीन माणूस कधी आत गेला?"

"कुनीच न्हाई आलं. गेट उघाडलंच न्हाई म्या."

तो आत बघून आला. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीची गादी कोमट होती म्हणे.

माझ्याच बसण्याने असेल. मी तसाच घरी गेलो, परत तिकडे फिरकलो नाही.

आता मी नगरला एका दुकानात आहे. संध्याकाळी घरी असतो. आरती बाबा म्हणते. पण घरातून निघताना मी 'येतो' म्हणत नाही, 'जातो' म्हणतो. निकिता चिडते, "असलं अभद्र बोलू नका."

ते सेंटर उन्हाळ्यातच बंद पडलं. मशीनं उचलून नेली, वीजही तोडली.

परवा दिवेलागणीला मोबाईलवर तिथला नंबर दिसला.

उचलला. पलीकडून... खोकला.

"कल्याण... येतो म्हनला हुतास ना रं?"

फोन कट केला. तेव्हापासून झोप नाही. भीती वाटतेच, पण त्याहून जास्त मामांचं वाईट वाटतं. ते अजून बसलेत. पुढचा माणूस आल्याशिवाय त्यांना उठता येत नाही.

आणि पुढचा माणूस मीच आहे.