कोपऱ्यातला 'यू'

"मन्हा नवरानी काहीच नही करं, बाई!" धुरपदाबाई उंबऱ्यातच रडू लागली.

विजया देवधरांनी तिला आत बसवलं. बँकेची नोकरी सोडून त्यांनी सुरतेत खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. त्यांचा मदतनीस श्रीरंग पाणी आणायला धावला. कुणाचं रडणं त्याला सोसत नसे.

हकीकत अशी. शहरातल्या गोडादरा भागातल्या टॉकीजमधला सिनेमा 'यूए' होता, म्हणजे लहानांनी आईवडिलांसोबत पाहावा असा. पण शनिवारी पोस्टरांवर नुसता 'ए' दिसू लागला, फक्त प्रौढांसाठी. घरंदाज माणसं फिरकली नाहीत. रविवारी मात्र मिसरूड न फुटलेल्या पोरांची झुंबड उडाली. रेटारेटीत म्हातारा डोअरकीपर उखा पायदळी तुडवला गेला. तो अजून बेशुद्ध होता. पोस्टरं लावणाऱ्या लोटूला, धुरपदाबाईच्या नवऱ्याला, पोलिसांनी धरलं. त्यानंच 'ए' रंगवला, असं जो तो म्हणत होता.

टॉकीजवर मॅनेजर गजेंद्र भेटला. "उखा दगावला तर लोटू सुटत नाही," तो म्हणाला.



"तुम्ही पोस्टरं पाहिलीत?" विजयाबाईंनी विचारलं.

"ऑफिसातून उठायला फुरसत कुठे, बेन? पण असा कागद डकवून 'यू' झाकणं लोटूशिवाय कुणाला जमणार?"

समोर व्हिडिओ पार्लर चालवणारा भटू विजयाबाईंच्या चौकशीनं उखडला. "माझी गिऱ्हाइकं तिकडे पळाली. मी कशाला 'ए' रंगवू?"

कोठडीत लोटू गुडघ्यात मान घालून बसला होता. "टॉकीजच्या दारातल्या काचपेटीतलं पोस्टर गुरुवारी लावलं, कुलूप घातलं, किल्ली साहेबांना दिली. त्याच्यावरबी 'ए' कसा आला, बाई?"

विजयाबाई फौजदारांना घेऊन टॉकीजवर परतल्या. गजेंद्रला पेटी उघडायला लावून त्यांनी पोस्टरचा कोपरा ओल्या रुमालानं दाबून धरला. जरा वेळानं कागदाची पातळ चकती सुटली. खाली छापील 'यू' होता.

"म्हणजे रंग नव्हताच!" श्रीरंग उद्गारला.

"नव्हताच. पोलीस, भटू, धुरपदाबाई, सगळे 'रंगवला' म्हणत होते. 'कागद डकवून झाकला' असं एकटे गजेंद्रभाई म्हणाले, तेही पोस्टर न पाहता. आणि पेटीची किल्ली त्यांच्याकडेच."

गजेंद्रनं पेटीची किल्ली फौजदारांपुढे ठेवली. "शुक्रवारी थेटर ओस होतं. 'ए' दिसला की पोरं तुटून पडतात. उखाला मीच म्हटलं, वय विचारू नकोस. सिनेमा तर साधाच होता ना? कुणाचं काय बिघडलं?"

"उखाला विचारू," विजयाबाई कोरडेपणानं म्हणाल्या.

लोटू सुटला तो घरी न जाता थेट इस्पितळात गेला. श्रीरंगही सोबत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी उखानं डोळे उघडले. ओठ हलले तसा लोटू वाकला.

"पोरं... कुणी चेंगरलं तर नाही ना?"

"नाही दादा. सगळी घरी गेली."

श्रीरंग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.