हळदी माद्या आणि काचेचं पाणी

२०६३ साली खैरटोल्याच्या तलावाची अख्खी पाळ सौरपट्ट्यांनी झाकली होती. डोंगराआडच्या त्या गावाला दुसरी वीज नव्हती. या पट्ट्यांच्या विजेवरच उपचार केंद्रातली डायलिसिसची चार यंत्रं चालत. त्यातल्या एकावर, दिवसाआड, फुलवंता मारबतेची एकोणीस वर्षांची पायल झोपे.

फुलवंता ढिवराची, म्हणजे मासेमाराघरची बाई, तलावाची राखणदार. शेंदरी चतुर, पाण्यावर भिरभिरणारे लांब शेपटीचे कीटक, जगात आता याच तलावावर उरले होते. नर शेंदरासारखे लाल, माद्या हळदीसारख्या पिवळ्या. यंदा माद्या मोजून अकरा. त्याही पाणी सोडून पट्ट्यांवर शेपटी टेकत होत्या.

"पाणी समोर हाय न जी, मंग काचेवर काहून अंडी घालते?" तिनं कीटकशास्त्रज्ञ मृण्मयी खांदेवाले यांना विचारलं.

"पाण्यावरून परतलेला प्रकाश एकाच पातळीत थरथरतो, फुलवंताबाई. त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. आपल्याला तो वेगळा कळत नाही. चतुर मात्र त्यावरूनच पाणी ओळखतो. आणि ही काळी काच तसा प्रकाश पाण्याहून जास्त परतवते. आम्ही तिला 'अतिजल' म्हणतो. चतुराला ती पाण्यापेक्षाही पाणी वाटते."

"म्हंजे खरं पाणीच हरलं म्हना."

"अंडी घालायचे बारा दिवस पट्ट्या झाकल्या, तर वाचतील."

गावानं होकार दिला. फुलवंतानं स्वतः गोणपाट शिवून पट्ट्या झाकल्या. साठवलेल्या विजेवर यंत्रं चार तासांऐवजी दोनच तास चालू लागली. तिसऱ्या दिवशी एक मादी खऱ्या पाण्यावर उतरली, तेव्हा दोघी बायका पोरींसारख्या हसल्या.

पाचव्या दिवशी पायलचे पाय सुजले. सहाव्या दिवशी तिला धाप लागली. दुसरं केंद्र नव्वद किलोमीटरवर, आणि तिथं महिन्याची रांग.

"आई, अजून किती दिवस?"

"सहा."

पोरगी भिंतीकडे वळली.

फुलवंता तडक पाळीवर गेली आणि गोणपाट ओढू लागली.

"आठ माद्यांनी अजून अंडी घातली नाहीत," मृण्मयीबाई म्हणाल्या. पण त्यांनी वाट अडवली नाही.

"ठावं हाय जी."

काच उघडी पडली. केंद्रातली चारही यंत्रं घरघरू लागली. पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या माद्या तिथूनच काचेकडे वळल्या. फुलवंता पदर उडवत त्यांना हाकलू लागली. "तिकडं जा वं बायांनो! पाणी तिकडं हाय!"

पहिली तिच्या हाताखालून निसटली. तापलेल्या काचेवर अंडी पाहता पाहता वाळत होती, आणि मादी पुन्हा पुन्हा शेपटी टेकत होती.