सिस्टरची गाडी गळत नाही

"गाडी विकायची नाही, हलवायची नाही आणि माफीही मागायची नाही. एवढं सोडून काय करता येईल ते सांगा."

असं म्हणत बाईंनी हेल्मेट तात्यांच्या टेबलावर, थेट मेहुण्याच्या चहाच्या कपाशेजारी आपटलं आणि खुर्ची ओढून त्या बसल्या. वय साठीच्या पुढचं. केस आखूड, हाताच्या नखांत काळं वंगण, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी आपली चूक आठवावी.

तात्या हे खासगी तपासनीस. पूर्वी विमा कंपन्यांसाठी आदळलेल्या गाड्या तपासायचे, आता आदळलेली माणसं तपासतात. मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मदतनीस म्हणून आला आणि तेव्हापासून चहात मदत करतो आहे.

"पहिल्यापासून सांगा," तात्या म्हणाले.

बाई निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आता त्या अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करत. घरं गावाच्या चारी टोकांना, आणि जायचं चाळिशी ओलांडलेल्या मोटरसायकलवरून. त्यांच्या इमारतीतल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत आज सकाळी पेट्रोल सापडलं होतं. टाकीच्या झाकणाशेजारीच सिस्टरची गाडी उभी असते. मग काय, साप साप म्हणून भुई धोपटायला सगळे तयारच होते. संध्याकाळच्या आत गाडी आवाराबाहेर काढा, असा ठराव झाला आणि त्यावर सगळ्या घरांच्या सह्याही पडल्या.

"दुसरीकडे ठेवता नाही येणार?" मेहुण्यानं विचारलं.

"रस्त्यावर ठेवली तर सकाळी तिचा सांगाडा मिळेल. आणि गाडी गेली की माझं काम गेलं. काम गेलं की मी खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजायच्या. ते मला जमणार नाही."

"पण जुन्या गाड्या गळतातच हो," मेहुणा समजुतीच्या सुरात म्हणाला.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. पुढचं त्यांना ऐकवत नसावं.

"आळशी माणसाच्या गळतात," सिस्टर म्हणाल्या. "माझी गळत नाही. चला, दाखवते."

---

गाडी झाकणापासून हातभर अंतरावर स्टँडवर उभी होती. रंग तीन ठिकाणी तीन वेगळ्या छटांचा, सीट कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीची, पण इंजिन मात्र धुतलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ. खाली तेलाचा एक ठिपका नव्हता.

"हिच्यात किती गोष्टी मूळच्या आहेत?" तात्यांनी विचारलं.

"ज्या चालत होत्या त्या. बाकीच्या मी बदलल्या." सिस्टर बोटानं दाखवत गेल्या. "दिवा नवा, कारण जुना दिवा स्वतःलाच दिसायचा नाही. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. साइडस्टँड घरच्या लोखंडी कपाटाच्या पट्टीचा आहे. आणि हा पेट्रोलचा कॉक गेल्या महिन्यात घातला, नव्या गाडीचा."

त्यांनी टाकीवरून डाव्या बाजूला लोंबणारी हत्यारांची पिशवी बाजूला केली. पिशवीमागे छोटा चकचकीत कॉक होता. त्यातून एक पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरला गेली होती आणि दुसरी बारीक नळी इंजिनाच्या तोंडाशी, मॅनिफोल्डला.

"ही बारीक नळी कशाला?"

"इंजिन सुरू झालं की त्याच्या ओढीनं कॉक उघडतो. इंजिन थांबलं की आपोआप बंद. याला ऑन आणि रिझर्व्ह, दोनच जागा. मूळच्या कॉकमध्ये बुचाचा तुकडा असायचा. तो वाळला की गळायचा. दर वेळी मी ऑफ करायला विसरायचे आणि स्वतःलाच शिव्या द्यायचे. एके दिवशी म्हटलं, शिव्या देण्यापेक्षा कॉक बदल."

"हे कोणाला माहीत आहे?"

"कोणाला असणार? इथल्या लोकांना पिशवी दिसते. ती गचाळ आहे म्हणून तक्रारही करून झाली आहे."

तात्या आता टाकीच्या झाकणाजवळ उकिडवे बसले. झाकण लोखंडी, एकसंध, कुठं भोक नाही. टाकीच्या तोंडाला सिमेंटचा उंच काठ होता आणि झाकण त्यावर टोपणासारखं बसत होतं.

"पावसाचं पाणी आत जातं का?"

"थेंब नाही. म्हणून तर काठ बांधलाय."

मेहुण्यानं काठाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली. "भावोजी, कुठंतरी पाणी मुरतंय."

"पाणी नाही," तात्या म्हणाले. "पेट्रोल."

---

आधी सेक्रेटरी भेटले. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर सगळ्या इमारतीचं ओझं.

"माझं सिस्टरशी काही वैर नाही," त्यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं. "पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे! सकाळी आमचे तिसऱ्या मजल्यावरचे, जुन्या गाड्यांचे शौकीन दार वाजवत आले. म्हणाले, पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, सिस्टरच्या गाडीचं असणार. मी धावत खाली आलो. झाकण उचललं तर पाण्यावर पेट्रोलचा तवंग. गाडीखालीही ओलं होतं आणि वास तर विचारू नका."

"ओलं? सकाळी?"

"हाताला लागलं की मला!"

"मग ते पाणी प्यायलं कोणी?"

सेक्रेटरींची छाती फुगली. "एकानंही नाही. वरची टाकी मी काल संध्याकाळीच भरून ठेवली होती. आज मी पंप सुरूच केला नाही. खालचा एक थेंब वर गेलेला नाही. समिती झोपलेली नसते, साहेब."

"शाबास," तात्या म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मग सिस्टरांचा भाचा. त्यांच्या भावाचा मुलगा, नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहणारा. तो जिन्यात उभा होता आणि डोळे चुकवत होता.

"सही तुम्हीही केलीत?"

"केली." त्याचा आवाज चढला. "करू नको तर काय करू? आत्याला सांगून बघितलं, रुसून बघितलं. चावी लपवली तर तिनं वायर जोडून गाडी सुरू केली! पावसात जाते, अंधारात येते. कुठं पडली तर मला कळवणार कोण? गाडी गेली तर बरंच होईल, असं वाटलं मला. वाटलं, आणि मी केली सही."

"पेट्रोल तुम्ही ओतलंत?"

"मी?" तो इतका दचकला की पायरी चुकला. "मला ते झाकण उचलायचं कसं तेही माहीत नाही."

मेहुण्यानं तात्यांच्या कानात पुटपुटलं, "हाच. घरचा भेदी."

"घरचा आहे," तात्या म्हणाले. "भेदी आहे की नाही ते बघू."

शेवटी शौकीन. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी, दोन जुन्या मोटरसायकली गालिच्यावर उभ्या होत्या. इतक्या झळाळत्या की मेहुण्यानं त्यांत बघून भांग सारखा केला. या गाड्यांच्या चाकांना रस्ता कित्येक वर्षांत लागला नव्हता.

"प्रत्येक बोल्ट मूळचा," शौकीन म्हणाले. "सिस्टरांची आली की ती तिसरी. तेच साल, तेच मॉडेल. किती वेळा मागितली मी! चांगली किंमत देतो म्हटलं. पण बाई ऐकतील तर ना. दुर्मिळ वस्तू आणि तिला हमालासारखं राबवतात."

"आता संध्याकाळी त्यांना गाडी काढावी लागणार."

"दुर्दैव. पण मी शेजारधर्म पाळीन. आजच घेऊन टाकीन."

"तुम्हाला गळती कधी दिसली?"

"काल रात्री जेवण करून खाली फेरी मारत होतो. कॉकमधून टिपूस टिपूस चाललं होतं. या मॉडेलची खोडच आहे ती. बूच वाळतं. मीच वाकून कॉक ऑफ केला, नाहीतर सगळी टाकी रिकामी झाली असती. पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. सकाळी तोंड धुवायला नळ सोडला आणि भपकन वास आला. लगेच सेक्रेटरींना उठवलं."

"बरं केलंत," तात्या म्हणाले. "संध्याकाळी खाली या. तुमच्यासारखा जाणकार लागेल."

---

संध्याकाळी सगळी इमारत गाडीभोवती जमली. सिस्टर हाताची घडी घालून उभ्या होत्या. कोणीतरी त्यांना खुर्ची देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

"काढा गाडी," सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले.

"काढू," तात्या म्हणाले. "पण आधी एक काम. शौकीन, काल रात्री तुम्ही कॉक ऑफ केलात. आता पुन्हा तसाच करून दाखवा."

"त्यात काय?" शौकीन ऐटीत पुढे आले. गाडीशेजारी वाकले, पिशवी बाजूला केली, हात घातला आणि थांबले. दांडी एकीकडे फिरवली. मग दुसरीकडे. मग पुन्हा पहिलीकडे.

"का हो? काल तर एका झटक्यात झालं होतं."

"हा... हा कॉक..."

"त्याला ऑफ नाहीच," तात्या म्हणाले. "ऑन आणि रिझर्व्ह. जी जागा कॉकला नाही, तिथं तुम्ही काल कॉक कसा नेलात?"

तात्यांनी कार्ब्युरेटरकडची नळी उपसली आणि तिच्या तोंडाखाली काचेचा पेला धरला. दांडी ऑनवर नेली. पेला कोरडा. रिझर्व्हवर नेली. पेला कोरडाच.

"सिस्टर, जरा किक मारा."

सिस्टरांनी किक मारली. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन धडधडलं आणि त्याबरोबर पेल्यात पिवळसर धार पडली. त्यांनी इंजिन बंद केलं, तशी धार तुटली.

"उभी असताना ही गाडी गळूच शकत नाही. आणि समजा गळली, तरी जमिनीवरचं पेट्रोल हा उंच काठ चढून, झाकण उचलून आत कसं उतरलं? पावसाला जे जमलं नाही ते त्याला जमलं? रात्री कॉक बंद केला म्हणता, मग सकाळी सेक्रेटरींच्या हाताला ओलं कसं लागलं? उघड्या फरशीवरचं पेट्रोल रात्रभर थांबत नाही, उडून जातं. ते पहाटे कोणीतरी नव्यानं सांडलं होतं."

"पण वास तर आला ना नळाला!" शौकीन ओरडले.

"तिथंच तुम्ही फसलात. सेक्रेटरी, आज पंप चालवलात?"

"नाही म्हणजे नाही!" सेक्रेटरी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे नळाला कालचंच पाणी होतं. चांगलं."

"खालच्या पाण्यात पेट्रोल आहे हे आज सकाळी झाकण उचलण्याआधी एकाच माणसाला माहीत असणं शक्य होतं. ज्यानं ते ओतलं त्याला. कोणी ते प्यावं असं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणून पंपाच्या आधी धावत गेले. एवढी माणुसकी त्यांच्यात आहे, हे मी मान्य करतो. त्यांना फक्त गाडी हवी होती. संध्याकाळपर्यंत ती बेघर झाली की सिस्टर विकणार, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावर तयार."

"अहो, पण इतका जाणकार माणूस," मेहुणा गोंधळून म्हणाला, "त्यानं नवा कॉक बघितला नाही?"

"जाणकार होता म्हणूनच नाही बघितला. या मॉडेलला कुठला कॉक असतो, तो का गळतो, सगळं पाठ. मग वाकून बघायची गरज काय? त्यांनी गाडी ओळखली, पण या गाडीकडे कधी पाहिलंच नाही."

शौकीन अजून वाकलेलेच होते. त्यांची नजर त्या बारीक नळीमागून सरकत इंजिनाच्या तोंडाशी पोचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भोक?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मूळच्या मॅनिफोल्डला भोक पाडलंत?"

"स्वयंपाकघरातल्या ओट्यावर," सिस्टर म्हणाल्या. "ड्रिल भाच्याचं."

पकडले जाण्यापेक्षा हाच घाव त्यांना जास्त लागला. ते उठले आणि कोणाकडे न बघता जिन्याकडे निघाले. सेक्रेटरी किल्ल्या वाजवत मागोमाग धावले. पाण्यात पेट्रोल ओतणं ही पोलिसांत सांगायची गोष्ट आहे, असं ते दर पायरीला ओरडून सांगत होते.

मागे उरलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले. त्यांतले एक काका पुढे आले. "सिस्टर, झालं गेलं विसरून जा. गाडी राहू दे इथंच."

"राहू दे?" सिस्टर फिरल्या. "मी तुमची परवानगी मागायला उभी नाही. ती इथंच राहणार होती. आणि विसरणार तर मी मुळीच नाही. खोटं एकानं सांगितलं. खरं की खोटं हे बघायला एक पिशवी बाजूला करायची होती, बस. तुमच्यापैकी कोणाचे टाके मी काढलेत, कोणाच्या आईची पाठ रोज पुसलीय. एकजण तरी म्हणाला का, सिस्टर, कॉक दाखवा?"

हळूहळू लोक पांगले.

भाचा तेवढा मागे राहिला. "आत्या, सही मीपण केली होती."

"माहीत आहे. तुझी सगळ्यात वर होती."

त्याची मान खाली गेली. सिस्टरांनी नळी परत बसवली, क्लिप घट्ट केली आणि हात फडक्याला पुसले. त्यांना बराच वेळ लागला. क्लिपला इतका वेळ लागत नाही.

"मी पडेन अशी तुला भीती वाटते. वाटू दे. पण ती मला येऊन सांग, भांड माझ्याशी. चार लोकांच्या सह्यांमागं लपून माझे पाय तोडायला येऊ नकोस. माझ्या घरात ते चालणार नाही."

"नाही येणार."

"मग हेल्मेट आण तुझं. तिकडे एक आजोबा ड्रेसिंगची वाट बघत असतील. मी कशी चालवते ते कधी मागं बसून पाहिलंयस?"

तो हेल्मेट घेऊन आला. घाबरतच बसला आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरली.

"सीटला नको धरू," सिस्टर म्हणाल्या. "मला धर."